झाटोपेक, एमिल

(१९ सप्टेंबर १९२२ – २१ नोव्हेंबर २०००). चेकोस्लोव्हाकियाचा लांब पल्ल्याचा धावपटू. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्हींचे सुवर्णपदक त्याच्याआधी किंवा नंतर कोणालाही मिळालेले नाही. धावपटूंच्या चिवटपणाचा विषय निघाला की त्याचे नाव हमखास घेतले जाते. पण हा चिवटपणा उपजत नव्हता, त्याने तो सरावाने कमावला होता.

जन्म मोराव्हियातील कोप्रझिव्हनित्से गावी, सुताराच्या घरी. सोळाव्या वर्षी तो झ्लिन येथील बाटाच्या कारखान्यात नोकरीला लागला. १९४१ मध्ये कारखान्याने त्याला एका शर्यतीत उतरवले, तेव्हा त्याने प्रकृतीची सबब पुढे केली. डॉक्टरांनी तंदुरुस्त ठरवल्यावर नाइलाजाने धावला आणि दुसरा आला. तीन वर्षांत २,०००, ३,००० व ५,००० मीटरचे राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर होते. महायुद्धानंतर तो सैन्यात दाखल झाला.

सराव व मनोधारणा : अतिसरावाने शरीर शिणते आणि शर्यतीसाठी काही उरत नाही, अशी त्या काळी अनेक प्रशिक्षकांची धारणा होती. झाटोपेकने ती मानली नाही. ४०० मीटर वेगाने धावायचे, मग २०० मीटर हळूहळू पळत दम घ्यायचा, की पुन्हा ४०० मीटर, अशा वीस फेऱ्या हा त्याचा नेहमीचा सराव होता. पुढे तो हा आकडा वाढवतच गेला. असा तुटक सराव जर्मनीत आधीपासून होता. झाटोपेकने केलेली वाढ मात्र समकालीनांना वेडेपणाची वाटे. लष्करी बूट घालून, बर्फात, काळोखातही तो धावे. श्वास रोखून चालण्याचा प्रयोग करताना तो एकदा शुद्ध हरपून पडल्याची कथा प्रसिद्ध आहे. यामागचा विचार साधा होता. शर्यतीत जो त्रास होणार, तो सरावात आधीच भोगून झालेला असला की त्याची दहशत उरत नाही. खेळाचे मानसशास्त्र ही स्वतंत्र शाखा म्हणून रुजण्याआधीच तो हे स्वतःवर आजमावत होता.

त्याचे धावणे दिसायला ओबडधोबड होते. मान कलंडलेली, चेहरा वेदनेने पिळवटलेला, खांदे आखडलेले. पाहणाऱ्याला वाटे, हा आता कोसळणार. प्रत्यक्षात खालचे पाय अगदी नियमित पडत असत. शर्यत चालू असताना शेजारच्या स्पर्धकाशी गप्पा मारण्याची त्याला सवय होती, त्यामुळे चेहऱ्यावरून त्याच्या थकव्याचा अंदाज बांधणारे फसत.

ऑलिंपिक : १९४८ मध्ये लंडनला त्याने १०,००० मीटरचे सुवर्णपदक पटकावले. ५,००० मीटरमध्ये शेवटच्या फेरीत बेल्जियमचा गास्ताँ राइफ बराच पुढे होता. झाटोपेकने एवढी मुसंडी मारली की अंतर केवळ ०.२ सेकंदाचे उरले. हेलसिंकीला ५,००० मीटरच्या अंतिम फेरीत शाडे, चॅटवे आणि मिमुन या तिघा स्पर्धकांनी त्याला मागे टाकले. शेवटच्या वळणावर त्याने बाहेरच्या बाजूने तिघांनाही गाठले. त्याच वळणावर चॅटवे कडेला अडखळून पडला. त्याच दिवशी झाटोपेकची पत्नी दाना हिने भालाफेकीचे सुवर्णपदक जिंकले. दोघांची जन्मतारीखही एकच. मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता. जगातील सर्वोत्तम वेळ नोंदवणाऱ्या ब्रिटनच्या जिम पीटर्सला त्याने वाटेत विचारले, ‘हा वेग बरा आहे का?’ पीटर्सने चकवण्यासाठी उत्तर दिले की, हा फारच कमी आहे. झाटोपेकने ते खरे मानून वेग वाढवला. पीटर्सला शर्यत अर्धवट सोडावी लागली. झाटोपेकने २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांत, दुसऱ्यापेक्षा अडीच मिनिटे आधी, अंतिम रेषा गाठली.

१९५१ मध्ये तासाभरात २० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापणारा आणि १९५४ मध्ये १०,००० मीटर २९ मिनिटांच्या आत (२८ मिनिटे ५४.२ सेकंद) धावणारा तो पहिला ठरला. १९५६ मध्ये हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच तो मेलबर्नला मॅरेथॉन धावला आणि सहावा आला. विजेता होता त्याचा जुना प्रतिस्पर्धी मिमुन.

मैदानाबाहेर : धावपट्टीवरची सहनशक्ती सर्वत्र उपयोगी पडते असे मानण्याचा मोह होतो, पण झाटोपेकचे चरित्र त्याला पुरता दुजोरा देत नाही. १९५२ मध्ये ऑलिंपिक संघातील युंगविर्टला वडील राजकीय कैदी असल्याने वगळले, तेव्हा त्याच्याशिवाय विमानात बसण्यास झाटोपेकने नकार दिला आणि सरकारला नमते घ्यावे लागले. १९६८ मध्ये त्याने ‘दोन हजार शब्द’ या सुधारणावादी जाहीरनाम्यावर सही केली आणि सोव्हिएत आक्रमणाला विरोध केला. परिणामी तो साम्यवादी पक्षातून व सैन्यातून बाहेर काढला गेला आणि भूगर्भीय उत्खननाच्या कामगारांत राबला. मात्र १९७१ मध्ये त्याने आपली भूमिका जाहीरपणे मागे घेतली. काही जुन्या सहकाऱ्यांनी हे त्याला माफ केले नाही. एकट्याने सोसायचा शारीरिक त्रास आणि वर्षानुवर्षे मानगुटीवर बसलेली सत्ता या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दुसरीवरून त्याचा न्याय करताना पहिलीचे मोजमाप लावू नये.

साम्यवादी राजवट कोसळल्यावर १९९० मध्ये अध्यक्ष हावेल यांच्या काळात त्याची प्रतिष्ठा अधिकृतपणे परत देण्यात आली. प्राग येथे त्याचे निधन झाले.