भरतीच्या पातळीखालची शेते

गोव्याच्या नद्या समुद्राला मिळण्याच्या कितीतरी आधीपासून समुद्राच्या अमलाखाली आलेल्या असतात. मांडवी आणि जुवारी यांच्या पात्रांत भरती-ओहोटीचा प्रभाव मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. उन्हाळ्यात सह्याद्रीकडून येणारे गोडे पाणी आटले की खारे पाणी पात्रातून बरेच वर चढते, आणि पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळू लागला की तेच पात्र काही महिने जवळजवळ गोडे होते. या दोन अवस्थांच्या मधल्या सखल चिखलपट्ट्यांवर मुळात खारफुटीची, म्हणजे खाऱ्या पाण्यात आणि श्वास कोंडणाऱ्या चिखलात तग धरणाऱ्या झाडांची, वस्ती होती. तेथेच बांध घालून माणसांनी जी भातशेती उभी केली, तिला खाजण म्हणतात. गोव्यातील भातजमिनींचे परंपरेने तीन प्रकार मानले जातात: उंचवट्यावरची मोरड, किनाऱ्यालगतची रेताड खेर आणि नदीकाठची खाजण. त्यांपैकी खाजणाचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर भरते. यातील पुष्कळ शेते भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, आणि बांधाला एक मोठे भगदाड पडले तर दोन-तीन हंगाम तेथे भाताचे रोप उभे राहत नाही.

समुद्रापासून हिरावून घेतलेली जमीन, अशी खाजणाची व्याख्या सहज केली जाते, पण तिच्यातून या व्यवस्थेचा गाभाच सुटतो. खाजण उभे करणाऱ्यांनी समुद्राला कायमचे हद्दपार केले नव्हते. वर्षाच्या ठरावीक काळी आणि ठरावीक प्रमाणात त्याला आत घेण्याची सोय त्यांनी बांधातच करून ठेवली होती. भात, मासे, कोळंबी, खारफुटी आणि मीठ यांचे परस्परसंबंध या सोयीवर अवलंबून होते, आणि ती केव्हा व कोणाच्या संमतीने वापरायची हे ठरवणाऱ्या ग्रामसंस्थेच्या इतिहासापासून खाजणाचा इतिहास वेगळा काढता येत नाही.

हा इतिहास फार जुना आहे. फोंडा तालुक्यातील बांदोडे येथे मिळालेल्या, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातील ताम्रपटात कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन या राजाने खाजण जमीन दान दिल्याचा उल्लेख आहे. दान घेणाऱ्याने तेथील रान तोडावे, समुद्राचे खारे पाणी अडवणारा बांध घालावा आणि जमीन भाताखाली आणावी, असे त्यात अभिप्रेत होते. या एका दानपत्रावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. बांध घालण्याचे तंत्र त्या काळी इतके परिचित होते की राजाज्ञेत त्याचे वर्णन करण्याची गरज भासली नाही. आणि ज्या रानाच्या जागी शेते आली ते रान दलदलीतले होते, म्हणजे या शेतीचा आरंभ एका सजीवसमुदायाची जागा दुसऱ्याला देण्यातून झाला होता. हा बदल मोठा होता आणि त्याची किंमतही मोठी होती. मात्र खारफुटी समूळ नष्ट केली गेली नाही. बांधाच्या नदीकडच्या बाजूला तिचा पट्टा राखला गेला, कारण लाटांचा मारा तिच्या मुळांच्या जाळ्यात विरतो, वाहत्या पाण्यातील गाळ तेथे बसतो आणि बांधाचा पाया खचत नाही.

बांधाची रचना स्थानिक मालाची होती. आतला गाभा चिकणमातीचा असे, तिला पेंढ्याने व काठ्यांनी धरून ठेवलेले असे, आणि जेथे प्रवाहाचा जोर अधिक तेथे बाहेरून जांभ्या दगडाची भिंत रचलेली असे. पण खाजणाचे सर्वांत कल्पक अंग म्हणजे मानस, अर्थात बांधातील पाण्याचे दार. जांभ्याच्या चौकटीत वरच्या बाजूने टांगलेल्या टणक लाकडाच्या फळ्या अशा बसवलेल्या असत की भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने त्या मिटत, आणि ओहोटीला नदीची पातळी शेतातील पाण्याखाली गेली की आतल्या पाण्याच्या रेट्याने त्या उघडत. दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीचे नियमन त्यामुळे कोणी पहाऱ्यावर नसतानाही होत असे, आणि पाणी मुद्दाम आत घ्यायचे असेल तेव्हाच माणसाचा हात लागे. मानशीच्या आतल्या बाजूस, खाजणातील सर्वांत खोलगट भागात, पोंय नावाचा जलाशय असे. शेतांतून निथळलेले पावसाचे पाणी त्यात जमे, ओहोटीला मानशीतून बाहेर पडे, आणि शेते कोरडी असण्याच्या दिवसांत माशांना तेथेच आसरा मिळे.

या रचनेचे वार्षिक चक्र पाहिले म्हणजे तिच्यातील सजीवांचे परस्परावलंबन उलगडते. जूनच्या पहिल्या सरींनी मातीतील मीठ विरघळते आणि ओहोटीबरोबर मानशीतून नदीत जाते. काही आठवड्यांत माती रोपाला सोसेल इतकी गोडी होते, तेव्हा मोड आणलेले बी फेकले जाते. तरीही मीठ पूर्णपणे जात नाही आणि पावसात खंड पडला की ते खालून पुन्हा वर येते, म्हणून येथे कोरगुट, आसगो यांसारखे खारेपणा सोसणारे भातच टिकले. कोरगुटाचे रोप उंच वाढते, त्यामुळे पाणी साचले तरी बुडत नाही. उत्पन्न बेताचे, पण जेथे दुसरे भात जळून जाते तेथे ते दाणा भरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी झाली की अनेक खाजणांत भरतीचे पाणी आत घेतले जाई. या पाण्याने गोड्या पाण्यातले तण मरे, भाताच्या बऱ्याच किडींचा आसरा मोडे आणि नदीचा पोषक गाळ शेतावर पसरे. शेतात राहिलेली भाताची खोडे पाण्यात कुजू लागत, त्यांच्यावर सूक्ष्मजीव वाढत, आणि ते कोळंबीचे व लहान माशांचे अन्न होई. भाताने मागे ठेवलेले कोळंबी खाई, कोळंबीने व माशांनी मागे ठेवलेले पुढच्या भाताला खत म्हणून मिळे, आणि बाहेरून आणलेल्या खतावाचून त्याच जमिनीत शतकानुशतके भात पिकत राहिले.

कोळंबीच्या जीवनक्रमाचा येथे जरा सविस्तर विचार करावा लागेल, कारण मानशीच्या वेळापत्रकाची किल्ली त्यातच आहे. खाजणात सापडणाऱ्या कोळंबीच्या मुख्य जाती समुद्रात अंडी घालतात. त्यांची अतिसूक्ष्म पिले भरतीबरोबर खाडीत येतात, खारफुटीच्या मुळांमध्ये आणि उथळ, अन्नसमृद्ध पाण्यात वाढतात, आणि पुरेशी मोठी झाली की प्रजननासाठी ओहोटीबरोबर समुद्राकडे परततात. मानस या येण्याजाण्याच्या वाटेवरच बसलेली आहे. भरतीला दार उघडले तर पिले आत येतात, आणि ओहोटीला दारावर जाळे लावले तर वाढलेली कोळंबी हाती लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, जेव्हा भरती-ओहोटीचा आवाका सर्वाधिक असतो, तेव्हाच्या रात्रींना म्हणून मासेमारीत विशेष महत्त्व होते. चोणक, तामसो, शेवटा, काळुंदर हे मासे आणि चिखलातले खेकडेही याच वाटेने येत. खेकडे मात्र बांधाला बिळे पाडत, आणि ओंजळभर पाणी झिरपणारे बीळ वेळीच बुजवले नाही तर एखाद्या मोठ्या भरतीला तेथूनच बांध फुटे. त्यामुळे बांधावर नित्य फिरून पाहणारा माणूस गावाला नेमावाच लागे.

मोठ्या प्राण्यांनाही या व्यवस्थेत जागा होती. खाजणातील माशांवर जगणारी पाणमांजरे चोडणसारख्या बेटांवर आजही दिसतात, आणि मांडवी-जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. एरवी गोड्या पाण्यात राहणाऱ्या या मगरी येथे मचूळ पाण्याशी जुळवून राहिल्या आहेत. जुवारीकाठच्या बोरी आणि परिसरात पौष अमावास्येला ‘मांगे थापणी’ हा विधी होतो: खाजणातल्याच चिखलाची मगर बनवून, शिंपल्यांनी तिची पाठ सजवून तिची पूजा केली जाते आणि तिने बांधाचे व शेताचे रक्षण करावे अशी प्रार्थना होते. हिंस्र प्राण्याची भीती म्हणून या विधीची बोळवण करणे अन्यायाचे ठरेल. बांधाच्या पायथ्याशी राहणारा तो प्राणी खाजणाचा सहनिवासी आहे, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे आणि ती त्या चिखलात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या लोकांची आहे.

एवढे हितसंबंध एका दारावर एकवटले की तंटे अटळ होते. भात करणाऱ्याला रोप उभे असताना खारे पाणी थेंबभरही नको असते. मासे धरणाऱ्याला दार जितके अधिक वेळ उघडे राहील तितके हवे असते. या दोघांमधला समतोल गावकरी या संस्थेने सांभाळला. गाव वसवणाऱ्या घराण्यांची ही सामूहिक मालकीची संस्था शेते ठरावीक मुदतीने लिलावाने कसायला देई, मानशीवरच्या मासेमारीचा हक्कही स्वतंत्रपणे लिलावात काढी, आणि आलेल्या पैशातून देवस्थान, बांध व मानस यांचा खर्च भागवून उरलेली रक्कम ‘जोण’ म्हणून गावकारांत वाटी. मासेमारीचा हक्क घेणाऱ्याला गावकरीच्या अटी पाळाव्या लागत, आणि भाताच्या हंगामात दार कसे राहील हे गावकरीच ठरवी. म्हणजे माशांच्या उत्पन्नातून भाताचा बांध दुरुस्त होई आणि भाताच्या वेळापत्रकाने मासेमारीला मर्यादा घातली जाई. यात सर्वांना समान वाटा होता असे मात्र मानता येत नाही: बांधावर माती टाकणारे आणि चिखलात भात लावणारे पुष्कळ लोक गावकार नव्हते, आणि जोणीत त्यांचा हिस्सा नव्हता.

पोर्तुगीज सत्ता आल्यावर ही संस्था मोडली नाही, कारण जमीन महसूल तिच्यामार्फतच येत होता. १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावांच्या रूढी व कायदे ‘फोराल’ या दस्तऐवजात नोंदवून घेतले. पुढे गावकऱ्यांना ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले, त्यांच्यावर सरकारी देखरेख वाढत गेली आणि १९०४ मध्ये त्यांच्यासाठी तपशीलवार संहिता आली. निर्णयाचे स्वातंत्र्य आक्रसले, तरी बांध आणि मानशीची जबाबदारी संस्थेकडेच राहिली. खाजणाचा एक उपयोग मात्र बाहेरच्या राजकारणाने बाधित झाला. उन्हाळ्यात काही खाजणांत भरतीचे पाणी वाफ्यांत आटवून मीठ काढले जाई, आणि १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले तेव्हा या धंद्याला जबर फटका बसला.

खरा बदल १९६१ च्या मुक्तीनंतर झाला. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, खंडावर मर्यादा आली, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळे मालक होण्याचा मार्ग खुला झाला. हा न्याय फार उशिरा मिळालेला होता आणि तो आवश्यकच होता. परंतु जमीन तुकड्यातुकड्यांनी कुळांकडे गेली तरी बांध आणि मानस यांचे तुकडे पडत नाहीत. कोमुनिदादचे उत्पन्न आटल्याने दुरुस्ती तिच्या आवाक्याबाहेर गेली, आणि १९७५ च्या नियमांनी स्थापन झालेल्या कुळांच्या संघटनांकडे ती जबाबदारी आली. याच काळात कोळंबीचा बाजारभाव चढला, भातशेतीची मजुरी महागली आणि अनेक कुटुंबे शेतीबाहेरच्या उत्पन्नावर जगू लागली. लिलावात मिळणारी रक्कम भातापेक्षा कितीतरी मोठी झाल्यावर मासेमारीचा ठेकेदार प्रबळ झाला. काही ठिकाणी मानस भाताच्या हंगामातही उघडी राहू लागली, काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडून शेतांची कायमची तळी करण्यात आली. त्यात लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी मांडवी-जुवारीचे बांध झिजत होते. १९९० च्या दशकारंभी कोकण रेल्वेच्या मार्गाला गोव्यात जो विरोध झाला, त्यातील एक प्रमुख आक्षेप रुळांचा भराव खाजणांतून जातो आणि पाण्याच्या वाटा अडवतो हाच होता.

सोडून दिलेल्या खाजणात पुढे जे घडते ते पर्यावरणाच्या अभ्यासकाला पेचात टाकणारे आहे. खारे पाणी आत खेळू लागले की काही वर्षांत खारफुटीची रोपे रुजतात आणि शेताचे पुन्हा वन होऊ लागते. खारफुटी कायद्याने संरक्षित असल्यामुळे शेतकऱ्याला ती काढता येत नाही, आणि बांध दुरुस्त करण्याची इच्छा असली तरी वाट बंद होते. वनाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे: मासळीचे ते पाळणाघर आहे आणि त्याच्या चिखलात कर्ब मोठ्या प्रमाणात साठून राहतो. तरीही सर्वच फुटलेल्या खाजणांना निसर्गाची सरशी मानणे घाईचे वाटते, कारण तेथे नाहीसे होणारे कोरगुटाचे वाण, भाताच्या खाचरांवर येणारे पक्षी आणि गोड्या-खाऱ्या पाण्याची ऋतूनुसार होणारी अदलाबदल हीही एक जीवसृष्टीच आहे, आणि ती मानशीशिवाय अस्तित्वात येत नाही. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने गोव्याच्या खाजणांची स्वतंत्र दखल घेऊन त्यांच्या संरक्षणाची तरतूद केली. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ मालिकेतील क्षारसहिष्णू वाण दिले आहेत आणि त्यांचे उत्पन्न मूळ वाणापेक्षा चांगले आहे. पण या वाणांनाही जूनमध्ये शेतातले मीठ धुऊन जाणे लागतेच, आणि त्यासाठी मे संपण्यापूर्वी मानशीच्या कुजलेल्या फळ्या बदललेल्या असाव्या लागतात. तो खर्च कुळांच्या संघटनेने, कोमुनिदादने की सरकारच्या मृदसंधारण विभागाने करायचा, यावर खाजणगावांत अजूनही वाद होतात.