विटीदांडूतला हरवलेला पाच

वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू.

महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी विटीदांडू खेळताना हे सात शब्द उच्चारले. ते मराठी नाहीत, हे त्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आले असेल. एक, दोन, तीन शिकलेले मूल मैदानात उतरले की अचानक दुसऱ्याच भाषेत मोजू लागे. हा थ्रेड त्या मोजणीविषयी आणि उदगीरच्या परिसराविषयी आहे. कारण ज्या भाषांचे पडसाद या शब्दांत उमटतात, त्या उदगीरपासून काही कोसांवर आजही बोलल्या जातात.

प्रथम खेळ समजून घेऊ. हातभर लांबीचा दांडू, दोन्ही टोके निमुळती केलेली विटी आणि जमिनीत कोरलेली लहानशी गल, एवढेच साहित्य. गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलायची. समोरच्यांनी ती झेलली तर गडी बाद. झेलता आली नाही, तर दांडू गलीवर आडवा ठेवला जातो आणि विटी जिथे पडली तिथूनच ती त्या दांडूवर नेम धरून फेकली जाते. नेम लागला तरीही गडी बाद.

‘जिथे पडले तिथून पुढची फेक’ हे तत्त्व जगातील अनेक खेळांत सापडते. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील ब्लॅडवर्थ या गावी १९२६ मध्ये शाळकरी मुले डब्यांची पत्र्याची झाकणे ठरावीक खुणांकडे फेकून, किती फेकी लागल्या ते मोजत. पुढे प्लॅस्टिकची चकती आली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात एड हेड्रिक यांनी डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. साखळ्यांची टोपली ही त्यांचीच कल्पना. आज परदेशांतील सार्वजनिक बागांत नवशिक्यांसाठी नऊ टोपल्यांची आखूड मैदाने असतात. प्रवेशशुल्क बहुधा नसते, चकती एक पुरते. टोपलीत चकती पडेपर्यंत किती फेकी झाल्या, तेवढा आकडा कागदावर लिहायचा. कमीत कमी फेकी करणारा जिंकला. (हेड्रिक २००२ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. खेळावर इतकी निष्ठा क्वचितच आढळते.)

डिस्क गोल्फ फेकी मोजतो. विटीदांडू अंतर मोजतो आणि येथेच त्याचे वेगळेपण आहे. टोला मारलेली विटी जिथे पडली तिथपर्यंतचे अंतर दांडूनेच मोजले जाते: पहिला दांडू वकट, दुसरा लेंड, तिसरा मूंड, असे झकूपर्यंत, मग पुन्हा वकट. मोजणी ज्या शब्दावर थांबेल, त्यावर पुढचा टोला कसा मारायचा हे ठरते. विटी पावलावर ठेवून, मुठीवर ठेवून, डोळ्यावर ठेवून, कोपरावर ठेवून, असे त्याचे प्रकार. कोणत्या शब्दाला कोणता प्रकार, हे गावोगावी बदलते. ‘वेद’च्या जागी काही ठिकाणी ‘डोळा’ म्हणतात. म्हणजे येथे आकडा नुसता गुण सांगत नाही, तो शरीराला आज्ञा देतो. मोजपट्टी, गुणफलक आणि नियमपुस्तक ही तिन्ही कामे सात शब्द करतात.

आता हे शब्द शेजारच्या भाषांजवळ ठेवून पाहा.

तेलुगूत एक म्हणजे ‘ओकटि’, बोलताना पुष्कळदा ‘वोकटि’. दोन ‘रेंडु’, तीन ‘मूडु’, चार ‘नालुगु’. वकट, लेंड, मूंड, नाल यांचे मूळ शोधायला फार दूर जावे लागत नाही. कन्नडमध्ये मात्र एक म्हणजे ‘ओंदु’, दोन म्हणजे ‘एरडु’. त्यांचे वकट आणि लेंडशी जमत नाही. उदगीरला बिदरचा कन्नड मुलूख अगदी लागून, तरी गणतीचे नाते अधिक जवळचे दिसते ते तेलुगूशी.

‘मूंड’मधील अनुस्वार तर फारच बोलका आहे. आजच्या तेलुगूत तीनला ‘मूडु’ म्हणतात, पण जुन्या लेखनात या शब्दावर अर्धानुस्वाराचे चिन्ह असे. पूर्वी तेथे अनुनासिक उच्चार होता याची ती खूण. तेलुगूने पुढे टाकून दिलेला नाद मराठी मुलांच्या खेळात टिकून राहिला, असे म्हणता येते. दुसरीही वाट शक्य आहे. नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागात गोंडी बोलली जाते आणि गोंडीत दोन म्हणजे ‘रंड’, तीन म्हणजे ‘मुंड’.

खरे कोडे यापुढे आहे. पाचव्या जागी ‘आर’ येतो. तेलुगू, कन्नड, तमिळ या तिन्ही भाषांत ‘आरु’ म्हणजे सहा! तेलुगूत पाच म्हणजे ‘ऐदु’, आणि त्याचा या यादीत मागमूस नाही. सहाव्या जागी ‘वेद’. तो तेलुगू ‘एडु’चा, म्हणजे साताचा, अवतार दिसतो. मराठी कानाने अनोळखी ध्वनी ओळखीच्या शब्दात बसवून घेतला असावा. सातव्या जागेसाठी मग आकडाच उरला नाही. तेथे ‘झकू’ आला.

म्हणजे मधला पाच गळाला, मागचे दोघे एकेक पाऊल पुढे सरकले आणि कोणी हरकत घेतली नाही. हरकत न घेण्याचे कारण उघड आहे. ज्याला तेलुगू येते तो चारानंतर सहा म्हणणार नाही. गणती ज्या मुलांच्या तोंडी बसली, त्यांच्यासाठी हे आकडे उरलेच नव्हते. ती टोल्यांची नावे झाली होती.

मराठीच्या द्राविड नात्यावर, विशेषतः तमिळशी असलेल्या नात्यावर, विश्वनाथ खैरे यांनी आयुष्यभर लेखन केले. महाराष्ट्राच्या भूमीवर आधी द्राविड भाषा नांदत होत्या आणि हे शब्द त्यांचे अवशेष आहेत, अशी मांडणी आकर्षक वाटते. परंतु ‘वकट’ हा तपशील इतका खास तेलुगू वळणाचा आहे की दीर्घ शेजार आणि ये-जा हेच स्पष्टीकरण अधिक पटते. हे शब्द पुण्या-कोकणापर्यंत पोहोचले, हेही ध्यानात ठेवावे. नुसती सीमा त्यासाठी पुरत नाही. माणसे हिंडावी लागतात. तेलुगू कामाठी मजूर मुंबईत आले, पद्मशाली विणकर सोलापूर-नांदेडात स्थिरावले. अशा वाटा एकट्या-दुकट्या नव्हत्या.

उदगीर अशा वाटांवरच वसले आहे. देवगिरीचे यादव आणि वरंगळचे काकतीय या दोन सत्तांमधला हा पट्टा. पुढे बहमनी, मग बिदरचे बरीदशाही. १६३६ मध्ये मोगलांनी किल्ला घेतला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला येथेच नमवले. पानिपताच्या आदल्या वर्षीचा हा विजय शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असतो. बहुतेकांच्या लेखी उदगीरचा इतिहास तेथेच संपतो.

परंतु भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची तारीख १ नोव्हेंबर १९५६ आहे. तोवर उदगीर हा हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातील तालुका होता. एकाच जिल्ह्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू, शिवाय कचेरीची उर्दू. राज्य पुनर्रचनेत या जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तत्कालीन मुंबई राज्यात आले. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूरला गेले. नारायणखेड, जहीराबाद आंध्र प्रदेशाला. उदगीर आधी उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात.

विभागणीचा आधार होता लोकांची मातृभाषा, आणि तो अन्याय्य म्हणता येणार नाही. निजामी राजवटीत मराठी, कन्नड, तेलुगू या तिघींनाही दुय्यम स्थान होते. पण जनगणनेच्या रकान्यात एका माणसासमोर एकच मातृभाषा लिहिली जाते. घरी मराठी बोलून मैदानात ‘वकट, लेंड’ मोजणाऱ्या मुलाची दुसरी भाषा त्या रकान्यात मावत नाही. त्या मुलालाही ती दुसरी वाटत नव्हती.

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले आणि तो खेळ पुढे राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेला. विटीदांडूच्या वाट्याला ती प्रतिष्ठा आली नाही. क्रिकेटने मैदाने व्यापली. विटी डोळ्याला लागेल ही घरच्यांची भीतीही काही खोटी नव्हती. आता सणासुदीला हौसेने भरवलेल्या सामन्यांत मोजपट्टी आणि गुण असले की काम भागते. वकट-लेंडची तेथे गरजच पडत नाही.

उदगीरला २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. सीमाभागातील मराठी हा अशा व्यासपीठांवरचा नेहमीचा विषय. गलीपासून विटीपर्यंत दांडू टाकत जाणाऱ्या मुलाच्या तोंडी मात्र चारानंतर थेट सहाच येत असे.