साडी नेसण्याची ‘मुंबई पद्धत’ आणि ‘बामाबोधिनी पत्रिका’ : नियतकालिकांतून वेशभूषेचा मागोवा

आतून परकर, अंगात पोलके, समोर निऱ्या आणि डाव्या खांद्यावर पदर अशा रीतीने नेसलेली साडी हाच भारतीय स्त्रीचा परंपरागत वेश होय, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः या एकत्रित वेशाचा इतिहास दीडशे वर्षांच्या फारसा मागे जात नाही. त्याचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतील एका पारशी घरातून कलकत्त्यास गेला आणि तेथे स्त्रियांसाठी निघणाऱ्या एका मासिकाने त्यास वाचकवर्ग मिळवून दिला. या धाग्याचा मागोवा घेणे आणि त्या निमित्ताने नियतकालिक या साधनाचा वेशभूषेच्या इतिहासासाठी कसा उपयोग होतो ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंगाली भद्र कुटुंबांतील स्त्रिया सामान्यतः एकच वस्त्र नेसत. आत परकर नसे, पोलकेही नसे. अंतःपुरात वावरणाऱ्या स्त्रीची त्यात काही अडचण होत नव्हती. ती घराबाहेर पडण्याचा प्रसंग आला तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. सत्येंद्रनाथ ठाकूर हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळविणारे पहिले भारतीय. 1864 मध्ये ते इंग्लंडहून परतले आणि त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. पत्नी ज्ञानदानंदिनी देवी हिने आपल्याबरोबर यावे हा त्यांचा आग्रह होता. परंतु तिने प्रवासात नेसावे काय? एका फ्रेंच शिंपिणीकडून ‘पौर्वात्य’ म्हणविला जाणारा पोशाख मुद्दाम शिवून घेण्यात आला. तो अंगावर चढविणे हेच एक संकट होते, हे ज्ञानदानंदिनीच्या ‘पुरातनी’ या आठवणींवरून समजते. ठाकूरांच्या घराण्यातील स्त्रीजवळ घराबाहेर नेसण्याजोगे वस्त्र नसावे, यातच त्या काळाचे पुष्कळसे चित्र येते.

मुंबईत हे दांपत्य माणकजी करसेटजी यांच्या कुटुंबात राहिले. 1863 मध्ये मुलींसाठी इंग्रजी शिक्षणाची अलेक्झांड्रा संस्था स्थापन करणारे ते हेच माणकजी. त्यांच्या घरातील स्त्रिया परक्या पुरुषांसमोर वावरत, पाहुण्यांचे स्वागत करीत आणि त्यांची साडीही त्या वावरास साजेशी होती. ज्ञानदानंदिनीने ही पद्धत उचलली, पण जशीच्या तशी नव्हे. तिने पदर डाव्या खांद्यावर घेतला, जेणेकरून उजवा हात मोकळा राहावा. पोलके, परकर आणि जोडे यांची त्यास जोड दिली. 1866 मध्ये कलकत्त्यात व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांच्याकडील समारंभास ती उपस्थित राहिली, तेव्हा तिला तेथे पाहून पाथुरियाघाट शाखेचे प्रसन्नकुमार ठाकूर संतापाने निघून गेले, असे सांगितले जाते. घराण्याची स्त्री चारचौघांत आली हा त्या संतापाचा विषय होता. तिने नेसलेली साडी बहुधा त्यांच्या ध्यानातही आली नसावी.

‘बामाबोधिनी पत्रिका’ 1863 मध्ये उमेशचंद्र दत्त यांनी सुरू केली आणि पुढे जवळजवळ साठ वर्षे ती चालली. घरी बसून शिकणाऱ्या स्त्रियांसाठी धडे, आरोग्य, गृहव्यवस्था आणि नीती असे तिचे स्वरूप होते. आजच्या अर्थाने तिला फॅशनचे मासिक म्हणता येणार नाही. युरोपातील तत्कालीन स्त्री-मासिकांत रंगीत वेशचित्रे व कापडाचे बेतनकाशे असत; येथे सारी भिस्त शब्दांवर होती. मात्र निऱ्या कशा घालाव्यात हे शब्दांत सांगणे किती अवघड आहे, याचा अनुभव कोणासही घेता येईल. म्हणूनच ज्ञानदानंदिनीने या पत्रिकेतून केलेली जाहिरात लक्षणीय ठरते. ज्या स्त्रियांना ही नवी पद्धत शिकावयाची असेल त्यांना आपण ती शिकवू, असे तिने जाहीर केले. मासिकाने वेशाचे चित्र दिले नाही, शिकविणारीचा पत्ता दिला. प्रसार झाला तो प्रत्यक्ष भेटींतून, एकीने दुसरीस नेसवून दाखविल्यामुळे.

याच सुमारास पत्रिकेत स्त्रियांच्या पोशाखावर वादही झडत होता. सौदामिनी खास्तगीर हिचा या विषयावरील निबंध 1872 चा आहे. या चर्चेतील पेच असा की, जुने एकवस्त्र असभ्य वाटू लागले होते, इंग्रजी गाऊन हे परक्याचे अनुकरण ठरत होते आणि मुसलमानी पेशवाजही आपला म्हणवत नव्हता. लज्जारक्षण करणारा, सुटसुटीत आणि पाहताक्षणी बंगाली म्हणून ओळखता येईल असा वेश हवा होता. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मासिकातील लेख स्त्रियांनी काय नेसावे ते सांगतो. त्या काय नेसत होत्या ते सांगतोच असे नाही. पोलके व परकर शिवून घेण्याची ऐपत असलेल्या मोजक्या घरांचा हा प्रश्न होता. शेतात वा कोळशाच्या खाणीत राबणारी स्त्री या चर्चेत कोठेच नाही.

ब्राह्मो समाजातील स्त्रियांनी हा वेश स्वीकारला म्हणून त्यास ‘ब्राह्मिका साडी’ हे नाव पडले. ‘ठाकुरबाडीची साडी’ आणि ‘बोम्बाई दस्तूर’ हीदेखील त्याचीच नावे. यातील शेवटचे नाव मराठी वाचकास गमतीचे वाटेल. कारण मुंबईतील मराठी स्त्रिया त्या वेळी कासोट्याची नऊवारी नेसत होत्या; हा दस्तूर त्यांचा नव्हताच. 1883 मध्ये अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांना तेथील थंडीत पोटऱ्या उघड्या ठेवणारी नऊवारी गैरसोयीची झाली. गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा त्यांचा निर्णय हा पती गोपाळरावांशी झालेल्या पत्रव्यवहाराचा विषय बनला. सुशिक्षित मराठी घरांतून गोल साडी रूढ व्हावयास त्यानंतर कित्येक दशके जावी लागली.

ही दशके अभ्यासण्यासाठी आपल्याकडे साधने आहेत. ‘मनोरंजन’ 1895 मध्ये निघाले. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांनी तर बंगालीच्या प्रेमापोटी ‘मित्र’ हे आडनाव धारण केले होते. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक 1930 मध्ये सुरू झाले. नऊवारीकडून गोल साडीकडे झालेला प्रवास या मासिकांच्या मुखपृष्ठांवर, कथाचित्रांत आणि विशेषतः कापड, साबण व केशतेल यांच्या जाहिरातींत वर्षावर्षाने तपासता येणे शक्य आहे.

अडचण निराळीच आहे. प्रस्तुत लेखिकेने एका जुन्या महाविद्यालयीन ग्रंथालयात अशा मासिकांचे बांधीव खंड पाहिले, तेव्हा त्यांत मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने जवळजवळ नव्हतीच. खंड आटोपशीर व्हावा म्हणून बांधणीच्या वेळी ती काढून टाकण्याचा प्रघात होता, असे कळले. लेख, कथा आणि कविता सुरक्षित आहेत. वेशभूषेच्या अभ्यासकास जे हवे, नेमके तेवढेच कापले गेले आहे. ज्ञानदानंदिनीचे निवेदनदेखील जाहिरातच होती. आपल्या ग्रंथालयांत अद्याप न बांधलेले सुटे अंक माळ्यावर पडून असतील, तर ते बांधणीस देण्यापूर्वी एकही पान काढू नये, अशी लेखी सूचना विभागप्रमुखांना बांधणीकारास देता येईल.