मधूनच उघडलेले पुस्तक

पुंडलिकनगरातील आमच्या घरी माळ्यावर एक जुनी पेटी आहे. तीत वडिलांनी जपलेल्या बाबुराव अर्णाळकरांच्या काही रहस्यकथा आहेत. झुंजार, काळापहाड व धनंजय यांची ओळख मला त्या पेटीतच झाली. मात्र हाती येईल ते पुस्तक वाचल्यामुळे ती क्रमाने झाली नाही. पुढे एक विद्वान स्नेही मला म्हणाले, "मालिका पहिल्या पुस्तकापासून वाचावी, नपेक्षा वाचूच नये." हा दंडक इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, हे पाहण्यासारखे आहे.

शेरलॉक होम्सचेच उदाहरण घ्या. कॉनन डॉइलने त्याला १८८७ साली प्रथम कादंबरीतून वाचकांपुढे आणले. १८९० साली दुसरी कादंबरी निघाली. परंतु होम्सला खरी लोकप्रियता लाभली ती जुलै १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकात लघुकथा येऊ लागल्यावर. म्हणजे ज्या वाचकवर्गाने त्याला डोक्यावर घेतले, त्यातील पुष्कळांनी मालिकेला मधूनच हात घातला होता. डॉइलनेही ते ओळखून प्रत्येक कथा स्वयंपूर्ण ठेवली.

आपल्याकडे अर्णाळकरांचे, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६) यांचे, याहून निराळे नाही. त्यांच्या नावावर सहस्राहून अधिक पुस्तके सांगितली जातात. वर्गणी भरून वाचनालयात जाणाऱ्याने आज फळीवर असेल ते न्यावे आणि उद्या परत करावे, हीच तेव्हाची रीत. अशा वाचकाकडून क्रमाची अपेक्षा कोण करणार?

आक्षेपातही तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. डॉइलने १८९३ साली होम्सला धबधब्यात लोटले आणि १९०३ साली परत आणले. परत येण्याची कथा ज्याने आधी वाचली, त्याला त्या मृत्यूचा धक्का बसणे शक्य नाही. ती हानी खरीच. तथापि तिच्या बदल्यात एक लाभ होतो. नायकाचा गतेतिहास ठाऊक नसल्याने वाचक त्याच्या एखाद्या सवयीवरून, सोबत्याच्या एखाद्या उद्गारावरून तो स्वतःच जुळवू लागतो. गुन्हेगाराबरोबर नायकाचाही माग काढतो.

पुराण ऐकावयास पाचव्या दिवशी आलेल्या श्रोत्याला कोणी आदिपर्वाकडे परत धाडीत नाही. तो कोपऱ्यात बसतो, शेजारच्याला हळूच एकदोन नावे विचारतो आणि कथेत शिरतो.

हे सारे आज आठवण्याचे कारण एवढेच की, हलक्या कागदावरील ही पुस्तके झपाट्याने नाहीशी होत आहेत. आमच्या पेटीतल्या कित्येकांची पहिली पाने गळून गेली आहेत. 'आरंभापासूनच वाचीन' असा हट्ट धरला, तर या लेखकाचे एकही पान तरुण वाचकाच्या हाती लागावयाचे नाही. तेव्हा जे पान शिल्लक असेल तेथून आरंभ करावा. माझ्या नातवंडांच्या पिढीसाठी ती पेटी मी कुलूप न लावता ठेवली आहे.