आपली ठेव कोणाच्या कामी?



बचत आणि गुंतवणूक यांविषयी ख्रिस्ती परंपरेने काय विचार केला, हा आजचा विषय. आम्ही ख्रिस्ती नाही आणि शाळेच्या बाकावर फार दिवस बसलेलोही नाही. कामगार संघटनेत तीस वर्षे घालविली, त्या ओघात जी पुस्तके हाती आली ती वाचली, एवढेच. तेव्हा हा विषय आम्ही का घेतला, ते प्रथम सांगणे आमचे कर्तव्य आहे.

एका कारखान्यातील कामगारांच्या पतपेढीचे आम्ही सात वर्षे संचालक होतो. ठेवींवर थोडे अधिक व्याज सुटावे म्हणून मंडळाने सभासदांची रक्कम बाहेरच्या एका वित्तसंस्थेत गुंतविली. ठरावाला हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. दर किती, हे सर्वांनी विचारले. पैसा पुढे कोठे जातो, हे कोणीच विचारले नाही. ती संस्था बुडाली. एक निवृत्त कामगार पासबुक घेऊन आमच्या घरी आला. तो रागावला नाही. त्याने इतकेच विचारले, "भाऊ, आपले पैसे दिले होते तरी कोणाला?" आम्हांला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न पूर्वी कोणी विचारला होता काय, याचा शोध घेता घेता आम्ही या इतिहासापाशी पोहोचलो.

बायबलातील दोन कथा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिली योसेफाची. मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत त्याने धान्य साठविले आणि दुष्काळाच्या सात वर्षांत लोक त्यावर जगले. बहुतेक प्रवचने येथेच थांबतात. पण त्याच ग्रंथात पुढे असेही आहे की, त्या धान्याच्या मोबदल्यात लोकांची गुरे गेली, जमिनी गेल्या आणि अखेर लोक स्वतःच राजाचे दास झाले. कोठार एकच, त्याने जीवही वाचविला आणि गुलामही केले. दुसरी कथा येशूने सांगितलेली. एका श्रीमंताला अमाप पीक आले. जुनी कोठारे पाडून मोठी बांधावी आणि मग स्वस्थ खावे-प्यावे असा बेत त्याने केला, आणि त्याच रात्री तो मेला. साठविणे हे पाप, असे या कथा सांगत नाहीत. साठविलेले कोणासाठी आणि कोणाच्या हाती, हा त्यांचा प्रश्न आहे. गरीब भाऊबंदाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नये, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे, त्याचेही मूळ येथेच.

मध्ययुगीन चर्चने व्याजावर बंदीच घातली. पण बंदीने गरिबाची नड भागत नाही. इटलीतील पेरुजिया शहरात १४६२ साली फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारणावर कर्ज देणारी पेढी निघाली. तिचा खर्च भागविण्यापुरता आकार घ्यावा की नाही, यावर धर्मशास्त्र्यांत पुढे कित्येक वर्षे वाद झाला. अखेर १५१५ साली, दहावा लिओ पोप असताना, लॅटरन धर्मपरिषदेने असा माफक आकार मान्य केला.

गरिबाला कर्ज देणे हा झाला एक भाग. गरिबानेच बचत करावी, हा दुसरा. स्कॉटलंडमधील रुथवेल या खेड्यात हेन्री डंकन नावाच्या पाळकाने १८१० साली बचत बँक काढली. शहरातील बँका गरिबांच्या किरकोळ रकमांकडे ढुंकूनही पाहत नसत. डंकन सहा पेन्सदेखील स्वीकारीत असे. त्याच्या पेटीला तीन कुलुपे होती. तिन्ही किल्ल्यांवाचून ती उघडत नसे. ही कल्पना झपाट्याने पसरली. परंतु १८१७ च्या इंग्लंडमधील कायद्याने अशा बँकांचा पैसा सरकारी कर्जाच्या खात्याकडे वळविला. ठेव सुरक्षित झाली, हे खरे. पण मजुराने पोट बांधून राखलेला शिलिंग शेजारच्या मजुराच्या उपयोगी पडण्याची वाट बंद झाली.

ती वाट उघडली जर्मनीतील एका सनदी माणसाने. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन १८१८ साली हाम या गावी जन्मला. डोळ्यांच्या विकारामुळे लष्करातील नोकरी सुटली आणि तो वेस्टरवाल्डच्या डोंगराळ मुलखात खेड्यांच्या एका गटाचा कारभारी झाला. १८४६-४७ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. सरकारने धान्य धाडले, पण रोख पैसे घेऊनच द्यावे असा हुकूम होता. रायफायझनने हुकूम बाजूस ठेवून ते उधार दिले, सुखवस्तू लोकांकडून निधी जमविला आणि वायरबुश गावी सामाईक भट्टी घालून स्वस्त पाव पुरविला. पुढे १८४९ साली फ्लामर्सफेल्ड येथे श्रीमंतांच्या मदतीने गरीब शेतकऱ्यांस हप्त्यांवर गुरे मिळवून देणारी संस्था काढली. तेथून तो हेडेसडॉर्फला गेला आणि १८५४ मध्ये तेथेही तशीच संस्था काढली.

येथे त्याला जो अनुभव आला, तो आम्हां कामगार कार्यकर्त्यांस चांगलाच ओळखीचा आहे. दात्यांचा उत्साह ओसरतो. धर्माने सांगितलेली दया खरी असली तरी तिच्या भरवशावर दरसाल बी-बियाणे मिळत नाही. म्हणून १८६४ साली त्याने संस्थेची घडीच बदलली. ज्याला कर्ज हवे त्याने सभासद व्हावे, आणि सर्वांच्या कर्जाला सर्व सभासद आपापल्या घरादारासह जामीन राहावेत. संस्थेचे क्षेत्र गावापुरते, म्हणजे जेथे माणूस माणसाला ओळखतो तेवढेच. कारभाऱ्यांना पगार नाही. हिशेबनिसाला काय तो मेहनताना. नफा वाटावयाचा नाही; तो कायमच्या राखीव निधीत जावयाचा.

या नियमांचा परिणाम पाहा. शेजाऱ्याने गाईसाठी कर्ज घेतले, तर ती गाय गोठ्यात आली की नाही हे पाहण्यात प्रत्येकाचा स्वार्थ होता. ठेव कोठे गेली, हे चालत जाऊन डोळ्यांनी पाहता येत होते. शेजाऱ्यावर प्रेम करावे ही धर्माज्ञा रायफायझनने हिशेबाच्या वहीत उतरविली, असे आम्ही समजतो.

तथापि इतिहास सांगताना डाग झाकता कामा नयेत. ज्यू व्यापारी आणि सावकार यांच्याविषयीचा द्वेष रायफायझनच्या लिखाणात आढळतो. सावकारी ही व्यवस्था आहे, जात नव्हे, हे त्याला उमगले नाही. ज्या धर्माज्ञेवर त्याने संस्था उभारली, तिच्यातला शेजारी त्याने स्वतःच आखूड केला.

आपल्याकडे १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांची होळी केली. पण रोखे जाळून कर्जाची गरज जळत नाही. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन याने १८९५ आणि १८९७ मध्ये अहवाल दिला. पैशाच्या आधी रायफायझनसारखा माणूस शोधावा, हे त्याचे सार. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि ग्रामीण संस्थांना तीच अमर्याद जबाबदारी लागू झाली. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात गदगजवळ कणगिनहाळ येथे १९०५ साली पहिली संस्था निघाली. रांचीकडे योहान हॉफमान या जर्मन जेझुइट धर्मगुरूने १९०९ साली छोटा नागपूरच्या ख्रिस्ती आदिवासींसाठी पतसंस्था काढली. मुंडारी भाषेचा हा थोर अभ्यासक आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांसाठीही झटला होता. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्याला १९१५ साली हिंदुस्थान सोडावा लागला. आपल्या वसईत कॅथलिक समाजाने १९१८ साली सहकारी पतसंस्था उभारली, तीच पुढे बँक झाली.

घरादारासह जामीन राहण्याचा नियम आज पुन्हा आणावा, असे आम्ही म्हणत नाही. एका वाईट हंगामात सारा गाव बुडण्याची धास्ती त्यात होतीच. पण त्या नियमामागचा प्रश्न टाकून देण्यासारखा नव्हता. आम्ही संचालकांनी तो टाकला. त्या ठरावावर हात वर करताना आमचे स्वतःचे काहीच पणाला लागलेले नव्हते. लागले होते ते पासबुक घेऊन आलेल्या त्या माणसाचे.

म्हणून एवढीच विनंती आहे. आपल्या पतपेढीच्या येत्या वार्षिक सभेत व्याजाचा दर अवश्य विचारा. पण त्याआधी उभे राहून विचारा की, आमचा पैसा कोणाला दिला आहे आणि तो तेथे काय काम करतो आहे. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.