मरणाच्या नोंदीचा उपयोग

जन्ममृत्यूंची नोंद म्हणजे सरकारी दप्तराचें एक रुक्ष काम, असा सुशिक्षितांचाहि समज असतो. हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ किंवा सेनगांव तालुक्यांतल्या खेड्यांत बाळंतिणीच्या घरीं जाणारी आशा कार्यकर्ती मात्र निराळी साक्ष देते. तिच्याजवळ लहान वजनकांटा, थर्मामीटर आणि एक तक्ता असतो. बाळाचें वजन, अंगाची ऊब, श्वास व दूध पिणें पाहून ती तें तक्त्यांत लिहून ठेविते. या साध्या तक्त्यामागें मोठा इतिहास आहे.

मृत्यूंच्या यादींतून आरोग्याचा मार्ग शोधण्याची कल्पना जुनी आहे. जॉन ग्राँट या लंडनच्या कापडव्यापाऱ्यानें १६६२ सालीं त्या शहरांतील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढें १८५४ च्या पटकीच्या सांथींत डॉ. जॉन स्नो यांनीं कोणत्या घरीं किती माणसें दगावलीं हें नकाशावर मांडलें, आणि दोष एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याचा आहे असें दाखविलें.

महाराष्ट्रांत हीच दृष्टि गडचिरोलीच्या अरण्यमय मुलखांत फळास आली. तेथें डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें १९८८ सालीं मोजदाद केली, तेव्हां हजार जन्मांमागें १२१ अर्भकें वर्षाच्या आंत दगावतात असें आढळलें. बाळ घरींच जन्मलें आणि घरींच गेलें, तर त्याचा जन्महि दप्तरांत उमटत नसे आणि मरणहि नसे. ज्या दुःखाची नोंद नाहीं, त्यावर उपाय कोण योजणार?

१९९३ पासून संस्थेनें ३९ गांवांत, आणि तुलनेसाठीं आणखी ४७ गांवांत, प्रत्येक जन्ममृत्यु टिपण्यास आरंभ केला. १९९५-९६ मध्यें ७६३ नवजात बालकांचें घरोघरीं जाऊन निरीक्षण झालें. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक बालकांस उपचारांची गरज होती. पण डॉक्टरांनीं पाहिलेलीं बालकें शेंकडा तीनहि नव्हतीं. रोग घरांत आणि वैद्य दूर, हें त्या आंकड्यांनीं स्पष्ट केलें. मग गांवांतल्याच स्त्रियांस बाळ उबदार ठेवणें, गुदमरलेल्या बाळास श्वास देणें व जंतुदोषावर इंजेक्शन टोंचणें हें शिकविण्यांत आलें. या आरोग्यदूतांच्या गांवांत नवजात बालकांचे मृत्यु हजारीं ६२ वरून तिसऱ्या वर्षीं सुमारें २५ वर उतरले. तुलनेच्या गांवांत ते साठाच्या आसपासच राहिले. तीं गांवें मोजलीं नसतीं, तर हें यश दैवाच्या पदरीं घालतां आलें असतें.

हे निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरांत ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीं १ मे रोजीं परभणींतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला होता. २०११ पासून ही पद्धति आशा कार्यकर्तींच्या द्वारें देशभर लागू झाली. जन्मानंतर बेचाळीस दिवसांत, रुग्णालयांत जन्मलेल्या बाळासाठीं सहा आणि घरीं जन्मलेल्यासाठीं सात भेटी ठरल्या.

तथापि तक्ता भरला म्हणजे बाळ वांचलें असें होत नाहीं. गडचिरोलींत ज्या घरांतून माहिती गेली, त्याच घरीं ती उपचार होऊन परत आली. हिंगोलींत भरलेला तक्ता जिल्ह्याच्या कचेरींत केवळ बेरजेसाठीं पोंचला, तर ते श्रम वायां गेले. वजन घटल्याची नोंद वाचून त्याच दिवशीं कोणी त्या दारीं गेलें, तरच तिचें सार्थक होतें.