बर्फातली उघडी बोटे

कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेसोबत अंटार्क्टिकात गेलेला छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग एकदा फोकस लावण्यात गढला होता. ओठ कोरडे पडले म्हणून सहज जीभ फिरवायला गेला, तर ती कॅमेऱ्याच्या धातूच्या भागाला लागली आणि लागली ती चिकटलीच. हिसका देऊन सोडवली तेव्हा जिभेच्या टोकाची साल कॅमेऱ्यावर राहिली. रक्त थांबेना, म्हणून तोंडात रुमालाचा बोळा कोंबावा लागला.

जिभेवर ही पाळी एकदाच आली. बोटांवर मात्र ती वारंवार येई. गोठलेल्या धातूला उघडे बोट लागले की भाजल्यासारखा चटका बसतो, असा पाँटिंगचा अनुभव होता. यामागचे कारण साधे आहे. लाकूड तितकेच थंड असले तरी हाताला सोसते, कारण ते उष्णता सावकाश ओढून घेते. पितळ ती झपाट्याने ओढते आणि कातडीवरचा ओलावा जागीच गोठतो. मग जाड हातमोजे घालूनच काम का करायचे नाही? कारण सिनेकॅमेऱ्याच्या दातेरी चाकांवर फिल्मची पट्टी ओवायला बोटांची टोकेच लागत, आणि पाँटिंगला ते काम दर वेळी उघड्या बोटांनी करावे लागे. गारठ्यातल्या छायाचित्रणासाठी हातमोजे निवडण्याचा सगळा पेच या एका कामात आहे.

त्याच्याही जवळजवळ अर्धशतक आधी या पेचाला उत्तरच नव्हते. पुढे सिमला, कलकत्ता आणि मुंबईत नावारूपाला आलेल्या ‘बोर्न अँड शेफर्ड’ या स्टुडिओतला सॅम्युएल बोर्न 1866 मध्ये स्पीती आणि किन्नौर यांच्यामधल्या मणिरंग खिंडीत पोहोचला. उंची अठरा हजार फुटांहून जास्त. तेव्हा काचेची प्लेट जागेवरच तयार करावी लागे. तंबूच्या अंधारात काचेवर कोलोडिअनचे चिकट द्रावण ओतायचे, काच बोटांच्या टोकांवर तोलत ते चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवायचे, मग ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच छायाचित्र घेऊन धुवायची. यातले एकही काम हातमोजे घालून जमणारे नाही. तिथे घेतलेली त्याची छायाचित्रे पुढची जवळजवळ 20 वर्षे जगातली सर्वांत उंचावरची मानली गेली. ती पाहताना पर्वताइतकीच त्या बधिर हातांचीही आठवण ठेवायला हवी.

पाँटिंगच्या काळापर्यंत कोरड्या, आधीच तयार केलेल्या प्लेट आणि फिल्म आल्या होत्या, त्यामुळे हात झाकायला थोडी सवड मिळाली. ध्रुवीय मोहिमांतली माणसे आत लोकरीचे मोजे आणि त्यांवर लांडग्याच्या किंवा कुत्र्याच्या केसाळ कातड्याचे मोठे मोजे घालत. या वरच्या मोज्यांत अंगठा तेवढा वेगळा, बाकीची चार बोटे एकत्र. एकमेकांना चिकटलेली बोटे एकमेकांना ऊब देतात, म्हणून हे मोजे सुट्या बोटांच्या मोज्यांपेक्षा उबदार असतात. पण त्यांनी कॅमेऱ्याची कळ दाबता येत नाही. ते काढावेच लागत, आणि काढलेला मोजा वाऱ्याने उडवला तर हात गमावण्याची वेळ. त्यासाठी त्यांनी दिव्याच्या वातीची पट्टी वापरली. ती मानेभोवती टाकून दोन्ही मोजे तिला बांधायचे, म्हणजे हात बाहेर काढला तरी मोजा लोंबकळत राहतो.

पाँटिंग स्वतः दक्षिण ध्रुवापर्यंत गेला नाही. मोहिमेतल्या इतरांना त्याने कॅमेरा शिकवला. 18 जानेवारी 1912 रोजी ध्रुवावर पाच जणांचे छायाचित्र घेताना त्यांच्यातल्याच बॉवर्सने शटरला दोरी बांधली आणि फ्रेममध्ये बसूनच ती ओढली. पाचही जण परतीच्या वाटेवर मरण पावले. नोव्हेंबरात तंबू सापडला, त्यात ती फिल्म होती आणि ती नीट धुतली गेली.

शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली याच्या हातांनी सोसले ते वेगळेच. शॅकल्टनचे ‘एंड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकले होते. 27 ऑगस्ट 1915 च्या रात्री हर्लीने बर्फाच्या उंचवट्यांआड सुमारे 20 ठिकाणी फ्लॅश पेटवून ते जहाज टिपले. बाहेर मोजे उपयोगी पडत, पण डार्करूममध्ये थंडगार पाण्यात प्लेट धुताना मोजे कसले? नखांभोवतीची कातडी फुटून वेदना होत असल्याची नोंद त्याने रोजनिशीत केली आहे. जहाज मोडल्यावर तर तो कंबरेपर्यंत कपडे काढून बर्फाळ पाण्यात उतरला आणि डाख देऊन बंद केलेल्या डब्यांतल्या निगेटिव्ह त्याने वर काढल्या. पुढच्या प्रवासात एवढे ओझे नेणे शक्य नव्हते. त्याने आणि शॅकल्टनने बर्फावर बसून एकेक निगेटिव्ह पाहिली, सुमारे 120 ठेवल्या आणि 400 च्या आसपास तिथेच फोडल्या. नाकारलेल्या पुन्हा निवडायचा मोह नको म्हणून फोडल्या.

आजच्या छायाचित्रकाराच्या मोज्यांचे एक रूप 29 मे 1953 च्या पहाटे एव्हरेस्टवर दिसते. शेवटच्या चढाईआधी हिलरी आणि तेनसिंग यांनी हातांत मोज्यांच्या तीन जोड्या चढवल्या. सर्वांत आत रेशमी, मग लोकरी आणि वर वारा अडवणारी. हे तीन थर नुसत्या उबेसाठी नव्हते. वरचे दोन काढले तरी आतल्या पातळ रेशमामुळे कातडी थेट धातूला लागत नाही आणि बोटांना कळ चाचपता येते. हिलरीने कॅमेरा शर्टाच्या आत ठेवून उबदार राखला होता. शिखरावर तो बाहेर काढून त्याने बर्फाची कुऱ्हाड उंचावलेल्या तेनसिंगचे छायाचित्र घेतले. ऑक्सिजनशिवाय दहा मिनिटे होताच बोटे जड पडू लागल्याचे त्याच्या लक्षात आले.

याआधीच दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने बंदुकीच्या घोड्यासाठी तर्जनी वेगळी ठेवलेले मोजे वापरले होते. शटर दाबायलाही तेच बोट लागते. पुढे अंगठा आणि तर्जनीची टोपी मागे दुमडता येणारे मोजे आले, टचस्क्रीनसाठी वीजवाहक धागा आला, रेशमाच्या जागी बारीक मेरिनो लोकर आली.

हिवाळ्यात हिमबिबट्यासाठी लडाखच्या रुंबक खोऱ्यात जाणाऱ्या छायाचित्रकारांत मराठी माणसेही असतात. तासन्‌तास काही घडत नाही. हात जाड मोज्यांत, तळव्याशी लोखंडाच्या भुकटीची गरम होणारी पुडी, जादा बॅटरी शर्टाच्या आत. समोरच्या कड्यावर राखाडी दगड हलल्यासारखा वाटला की वरचा मोजा झटकन निघतो आणि मनगटाच्या पट्ट्याला लोंबकळत राहतो.